पंगत एक, पानं वेगवेगळी

दिवाळी आठवड्यावर आली की कचेऱ्यांमधून खोक्यांची ये-जा सुरू होते. लाल-सोनेरी कागदात गुंडाळलेली, वर छापील कार्ड डकवलेली ही खोकी संध्याकाळी लोकलच्या फळीवर, स्कूटरच्या पायाशी नाहीतर बसमध्ये मांडीवर बसून घरोघरी पोचतात. काही घरात उघडली जातात, काही न उघडताच पुढच्या घरी रवाना होतात. सोनपापडीच्या डब्याच्या या न संपणाऱ्या प्रवासावर इतके विनोद झाले आहेत की आता डबा हातात पडण्याआधीच हसू येतं. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. देणाऱ्याने पैसे खर्चून दिलेली आणि घेणाऱ्याने आभार मानून घेतलेली वस्तू दोघांपैकी कुणाच्याच मनात का राहत नाही?

दिवाळीला नोकरदाराच्या हातात दोन गोष्टी पडतात, बोनस आणि भेट. बोनस हा हक्क आहे. १९६५च्या बोनस कायद्याने पात्र कामगारासाठी वेतनाच्या किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, आणि जास्तीत जास्त २० टक्के असं प्रमाण ठरवलं. २०१९च्या वेतन संहितेनेही तेच कायम ठेवलं. भेटीला असा कोणताही कायदा नाही. ती कुणी मागत नाही, तिच्यासाठी संघटना भांडत नाही. म्हणूनच बोनसचा हिशेब होतो आणि भेटीचा अर्थ लावला जातो. मला काय दिलं, शेजारच्या टेबलावर काय दिलं, देताना माझ्याकडे पाहिलं का, हे सगळं माणूस नकळत वाचत असतो.

मराठी घरांत या वाचनाला एक जुना शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंगतीला बसलेल्यांना वेगवेगळं वाढायचं नाही, हा शिष्टाचार लहानपणापासून कानावर पडतो. जावयाच्या पानात तुपाची धार आणि दूरच्या पाहुण्याच्या पानात नुसता थेंब, असं झालं की ते लग्न लोकांच्या कायम लक्षात राहतं. मात्र चांगला वाढपी सगळ्यांना डोळे मिटून सारखंच वाढत नाही. ज्याला उपास आहे त्याच्या पानात तो भात टाकत नाही, मधुमेह असलेल्या आजोबांना जिलबीचा आग्रह करत नाही. पान बघून वाढणं आणि तरीही पंक्तिप्रपंच न करणं, ही कसरत त्याला साधलेली असते. कचेरीतल्या दिवाळीच्या भेटीची सगळी अडचणही याच कसरतीत आहे.

दरवर्षीसारखंच

पुण्यातल्या एका मध्यम कंपनीत प्रशासन विभाग सांभाळणाऱ्या चाळिशीच्या बाईंवर २०२५च्या दिवाळीत ही जबाबदारी आली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या भेटींचं बघा. दरवर्षीसारखंच. माणशी बाराशे रुपये."

पगारपत्रकावर ४६ नावं होती. दरवर्षीसारखं म्हणजे एक किलो मिठाई, चांदीचा मुलामा दिलेलं लक्ष्मी-गणपतीचं नाणं आणि संचालकांच्या सहीचं छापील कार्ड. दुकानदार ठरलेला, मजकूर ठरलेला. एक दूरध्वनी केला असता तर काम पाच मिनिटांत संपलं असतं. बाईंनी तो केला नाही, कारण आधीच्या वर्षीची खोकी कुठे गेली हे त्यांनी पाहिलं होतं.

४६पैकी ३१ जण रोज कचेरीत येत. उरलेले १५ जण घरूनच काम करत. २०२०च्या मार्चमधल्या टाळेबंदीनंतर जे आपापल्या गावी गेले, त्यांतले काही तिथेच राहिले. पुढे नव्याने घेतलेले काही जण तर पुण्यात कधी आलेच नव्हते. कुणी नागपूरला, कुणी कोल्हापूरला, कुणी लखनौ, कोची आणि गुवाहाटीला. मागच्या वर्षी कोचीला पाठवलेली मिठाई भाऊबीज उलटून गेल्यावर पोचली आणि उघडल्याबरोबर टाकून द्यावी लागली. तिथल्या मुलीने तरीही "थँक यू, खूप छान होती," असं कळवलं. खरी गोष्ट बाईंना सहा महिन्यांनी, दुसऱ्याच विषयावर बोलताना कळली.

कचेरीतही फार वेगळं नव्हतं. हिशेब विभागातल्या जैन मुलीने बर्फीवरचा वर्ख पाहून डबा तसाच मैत्रिणीला दिला. वर्खासाठी चांदी कुटताना पूर्वापार जनावरांच्या कातड्याचा आणि आतड्याच्या पापुद्र्यांचा वापर होत आलेला असल्याने अनेक जैन घरांत तो चालत नाही. दोघा मधुमेहींनी डबा घरी नेला, पण स्वतः चाखला नाही. आणि नाणं? संगणक विभागातल्या एका बौद्ध सहकाऱ्याने ते टेबलाच्या खणात ठेवलं, ते वर्षभर तिथेच होतं.

या नाण्यापाशी बाई थांबल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांना देव न मानण्याच्या आणि त्यांची उपासना न करण्याच्या प्रतिज्ञा आहेत, गणपतीचं नाव त्यांत स्पष्ट आहे. ज्या घरात त्या प्रतिज्ञा मनापासून पाळल्या जातात, तिथे लक्ष्मी-गणपतीचं नाणं ठेवायचं कुठे? फेकणं असभ्य, ठेवणं मनाविरुद्ध. देणाऱ्याने प्रेमाने दिलेल्या वस्तूने घेणाऱ्याला अशा पेचात टाकलं. त्याने तक्रार केली नाही, पण ज्याने तक्रार केली नाही त्याला काही वाटलंच नाही, असं थोडंच आहे?

दिवाळीला दिवाळीच म्हणा

अशा वेळी एक सोपी पळवाट समोर येते. सणाचं नावच काढून टाकायचं. कार्डावर 'दिवाळीच्या शुभेच्छा' ऐवजी 'हंगामाच्या शुभेच्छा', पणतीच्या जागी एखादं फूल, म्हणजे कुणाचंच मन दुखावायला नको. कंपनीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने हे सुचवलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो वसईचा ख्रिस्ती सहकारी. "दिवाळीला दिवाळीच म्हणा हो," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत आम्ही लहानपणी शेजाऱ्यांबरोबर किल्ले केलेत. मला दिवाळीचा त्रास नाही. मला त्रास होतो तो २४ डिसेंबरला रात्री उशिरापर्यंत काम लागतं त्याचा."

त्याच्या बोलण्यात पुष्कळ काही होतं. आपल्याकडे सण नेहमीच कुंपणावरून पलीकडे जात आलेले आहेत. दिवाळीची अमावास्या जैनांसाठी भगवान महावीरांचा निर्वाणदिन आहे. शिखांसाठी ती गुरू हरगोविंदांच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून झालेल्या सुटकेची आठवण, बंदी छोड दिवस आहे. बंगालमध्ये त्या रात्री कालीपूजा असते. केरळात मात्र दिवाळीपेक्षा ओणमचं अप्रूप कितीतरी जास्त, म्हणजे कोचीची मुलगी हिंदू असूनही तिचा मोठा सण ऑगस्ट-सप्टेंबरातच होऊन गेलेला असतो. हे सगळं एका कोऱ्या 'हंगामा'खाली पुसून टाकलं तर कुणालाच आपलं काही मिळाल्यासारखं वाटत नाही.

कंपनीतले मुस्लीम सहकारी तर दर ईदला शिरखुर्म्याचा मोठा डबा घेऊन येत आणि दिवाळीचा चिवडा मागून घेत. त्यांचीही अडचण मिठाईची नव्हती. चांद्र वर्ष सौर वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी तेवढी अलीकडे येते आणि तिचा दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. आदल्या संध्याकाळी रजेचा अर्ज केला की "आधी सांगायचं ना" हे ऐकावं लागे. दुसऱ्याच्या सणाचा मान त्याच्या रजेत असतो. दिवाळीच्या खोक्यात तो भरता येत नाही.

म्हणून बाईंनी ठरवलं, कार्डावर दिवाळीच राहील. देवाचं चित्र मात्र नसेल, पणती असेल. आणि ईद-नाताळच्या रजेचा मुद्दा त्यांनी स्वतंत्र कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

धर्माचा रकाना नको

आता वस्तू कोणती? बाईंच्या मदतनीस मुलीने उत्साहाने एक तक्ता आखला. नाव, गाव, धर्म, आहार. बाईंनी तिसरा रकाना खोडला.

कारण साधं होतं. धर्म कळल्याने माणसाची आवड कळत नाही. जैन मुलगी कांदा-लसूण खात नव्हती, पण दुसऱ्या विभागातला जैन मुलगा बाहेर बटाटेवडा आवडीने खाई. कोकणस्थ ब्राह्मण घरातल्या एका तरुणीने दूध-तूपही सोडलं होतं, त्यामुळे दिवाळीचा निम्मा फराळ तिच्यासाठी बाद. ज्यांना अत्तर आवडेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्या मुस्लीम सहकाऱ्याला वासाने शिंका येत. शिवाय माणसाला त्याच्या धर्माचं लेबल लावून वस्तू दिली की तीही एक प्रकारची वेगळी पंगतच झाली.

त्याऐवजी त्यांनी सगळ्यांना सारखेच तीन प्रश्न पाठवले. तुम्हाला न चालणारी एखादी वस्तू आहे का? (कारण विचारलेलं नाही.) खोकं कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या वेळी पोचवायचं? आणि खालच्या चार वस्तूंपैकी कोणती हवी? चार वस्तू अशा होत्या: बदाम-काजूची साधी, मीठ-साखर न लावलेली पाकिटं, सोलापुरी सुती चादर, स्टीलचा चांगला जेवणाचा डबा, किंवा पुस्तकाच्या नाहीतर किराणाच्या दुकानाचं कूपन. चारही वस्तू एकाच किमतीच्या.

या यादीत काय नव्हतं, हेही पाहण्यासारखं आहे. चामड्याचं पाकीट नव्हतं, रेशमी वस्त्र नव्हतं, कारण प्राण्यापासून मिळालेलं काहींना नको असतं. मध नव्हता, तो अनेक जैन घरांत वर्ज्य असतो. मऊ जेलीच्या गोळ्या नव्हत्या, कारण त्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडांपासून नाहीतर कातड्यापासून बनतं. आत मद्य भरलेली परदेशी चॉकलेटं नव्हती. बंद पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की शाकाहाराची खात्री होते, पण त्या ठिपक्यावरून साखर किती, दूध आहे की नाही, शेंगदाणा आहे की नाही हे कळत नाही. ते मागच्या बारीक अक्षरांतच वाचावं लागतं.

आणखी एक गोष्ट बाईंनी मोडीत काढली, ती 'महिलांसाठी विशेष भेट'. पूर्वी कंपनीतल्या बायकांना दिवाळीत वेगळं असं हळदीकुंकवाचं करंडं आणि बांगड्यांचं ताट मिळे. एका सहकारी बाईंचे यजमान २०२१ साली गेले. त्या वर्षी त्यांना ताट द्यायचं की नाही यावर दाराआड कुजबुज झाली, आणि शेवटी त्यांच्या टेबलावर ताटाऐवजी नुसता मिठाईचा डबा ठेवला गेला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या बाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो आदर्श म्हणून पुढे ठेवला. एक गाव जे करू शकतं ते शहरातली कचेरीही करू शकते. यंदा बायकांना आणि पुरुषांना एकच यादी होती.

त्या प्रश्नावलीला एक वेगळंच उत्तर आलं. नागपूरच्या सहकाऱ्याच्या वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते. त्याने लिहिलं, "यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. वस्तू नको." महाराष्ट्रातल्या अनेक घरांत वर्षभराच्या आत मृत्यू झालेला असेल तर फराळ करत नाहीत, पण शेजारी-नातलग आपल्या घरचा फराळ त्या घरी नेऊन देतात. दुःखातल्या घराला एकटं पडू न देण्याची ती जुनी रीत आहे. बाईंनी त्याला फोन केला. कार्ड पाठवलं नाही. चादर पाठवली, सोबत हाताने लिहिलेल्या दोन ओळी.

दूरच्यांची दिवाळी

घरून काम करणाऱ्या पंधरा जणांचा प्रश्न वस्तूपेक्षा वेळेचा होता. आधीच्या वर्षी कचेरीतल्यांना मोठ्या खोलीत टाळ्यांच्या गजरात खोकी वाटली गेली, फोटो काढले गेले आणि दूरची मंडळी संगणकाच्या पडद्यावरून ते बघत बसली. लग्नाला बोलावून जेवताना बाहेर बसवल्यासारखं ते झालं, असं कोल्हापूरच्या मुलाने नंतर थट्टेत सांगितलं. थट्टेत सांगितलेलं बरंचसं खरं असतं.

यंदा खोकी दसऱ्यानंतर लगेच, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघाली. दिवाळीच्या तोंडावर टपाल आणि कुरिअरवर ताण येतो, ईशान्येकडच्या खोक्यांना तर आणखी वेळ लागतो. नाशवंत काही नव्हतंच. खव्याची मिठाई उन्हातान्हात चार दिवसही टिकत नाही. १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्याजोगी आहे हे लिहिणं दुकानदारांना बंधनकारक झालं ते उगीच नाही. सुगंधी द्रव्यं, बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू यांना विमानाने जाणाऱ्या टपालात अडचण येऊ शकते, म्हणून त्याही टाळल्या.

पत्ते तपासताना मदतनीस मुलीने दोन पिनकोड चुकलेले शोधले. लखनौचा आकडा २ने सुरू व्हायला हवा, तिथे ४ होता. पिनकोडचा पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो: ४मध्ये महाराष्ट्र येतो, ६मध्ये केरळ, ७मध्ये आसाम. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याने आखली. देशात एकाच नावाची असंख्य गावं आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, त्यातून माणसाचं दार नेमकं सापडावं म्हणून ती होती. भेटीतला निम्मा आदर असा साध्या गोष्टींत असतो. नाव बरोबर, पत्ता बरोबर, वेळेवर.

सगळ्यांना एक विनंती केली होती. खोकं आलं तरी उघडू नका, १७ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दुपारी, सगळे एकदमच उघडू. त्या दिवशी दूरच्या पंधरा जणांशी गप्पा आधी झाल्या, कचेरीतलं वाटप नंतर.

पगारपत्रकात नसलेली माणसं

इथपर्यंतचं सगळं थोड्या काळजीने कुणालाही जमण्यासारखं होतं. खरी परीक्षा पुढे होती.

खोक्यांची मोजदाद चालू असताना फाटकावरचे वॉचमन काका एक कागद घेऊन वर आले. बाईंनी सहज विचारलं, "काका, मागच्या वर्षी तुम्हाला काय मिळालं होतं?"

"मिळाला होता की डबा," काका म्हणाले. "नाव दुसऱ्याचं होतं, खोडलेलं."

बाईंनी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वॉचमन तिघे, साफसफाईच्या मावशी दोघी, चहा देणारा मुलगा आणि कंपनीच्या गाडीचा चालक, अशी सात माणसं कंत्राटदाराची होती. पगारपत्रकात त्यांची नावं नव्हती, म्हणून भेटीच्या यादीतही नव्हती. नोकरी सोडून गेलेल्यांचे, रजेवर असलेल्यांचे जे डबे उरत, ते मागाहून खालच्या मजल्यावर वाटले जात. देणाऱ्याला त्यात औदार्य वाटत होतं. घेणाऱ्याला दिसत होतं ते खोडलेलं नाव.

जुन्या वाड्यांतल्या पंगतींची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. पहिल्या पंगतीला मानकरी, मग घरचे, आणि सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं घेऊन, ज्यांनी पाणी भरलं, भांडी घासली ते. काहींना तर पंगतच नव्हती, अंगणाबाहेर दिलं जाई. पंक्तिप्रपंचाचा शिष्टाचार पंगतीत बसलेल्यांपुरता होता. पंगतीत कुणी बसायचं, हा प्रश्न कुणी विचारत नसे. कचेरीतली पगारपत्रकाची यादी हा प्रश्न असाच न विचारता सोडून देते.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट मनाचे नव्हते, पण म्हणाले, "ती माणसं आपली नाहीत ना. कंत्राटदार देईल की."

"कंत्राटदार बदलला दोन वर्षांत तीनदा," बाई म्हणाल्या. "काका सहा वर्षं इथेच आहेत, मावशी आठ. रात्री उशिरा काम संपलं की आपल्या मुलींना रिक्षात बसवून नंबर लिहून घेतात ते काकाच."

"पैसे?"

बाईंनी हिशेब करूनच नेला होता. ४६ माणसं, माणशी १,२०० रुपये म्हणजे ५५,२०० रुपये. तीच रक्कम ५३ जणांत वाटली तर माणशी १,०४० रुपये. एक रुपयाही वाढवून नको, प्रत्येकाचे १६० रुपये कमी होतील. साहेब कागदाकडे बघत राहिले. हिशेब विभागाचे प्रमुख म्हणाले, "लोक कुरकुरतील. दरवर्षी बाराशेचं मिळतं." साहेबांनी थोडा वेळ घेतला आणि सही केली.

मग तेच तीन प्रश्न सात जणांना विचारण्यात आले. लिहून नव्हे, समोर बसून. मावशी आधी म्हणाल्या, "काहीबी चालंल ताई, तुम्ही द्याल ते." 'काहीही चालेल' हे अनेकदा 'मला विचारण्याची सवय कुणाला नाही' याचंच दुसरं रूप असतं. बाईंनी पुन्हा विचारलं. मावशींनी चारही वस्तू हाताळून पाहिल्या आणि जेवणाचा डबा उचलला. नातू यंदा पाचवीत गेला होता, त्याची शाळा लांब होती. दुसऱ्या मावशींनी किराणाचं कूपन घेतलं. चहावाल्या मुलाने, सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पण पुस्तकाचं कूपन मागितलं. तो रात्रशाळेत दहावीला बसला होता. काकांनी चादर घेतली आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू कोणतीबी द्या. खोक्यावर नाव तेवढं माझं असू द्या."

त्या ५३ खोक्यांवर नावं हाताने लिहिली गेली. सात माणसांची खोकी वेगळी काढली नाहीत, ती आडनावांच्या क्रमाने इतरांच्या मध्येच लागली.

गोड काहीतरी हवंच

सगळं सुरळीत झालं असं नाही. गुवाहाटीचं खोकं एवढी काळजी घेऊनही दोन दिवस उशिरा पोचलं आणि तिथल्या मुलाला वसुबारसेला रिकाम्या हातांनी बसावं लागलं. दोघांनी चादरीचा रंग बदलून मागितला. एक ज्येष्ठ सहकारी खरंच कुरकुरले, "मिठाई नाही तर दिवाळी कसली?" त्यांचंही खरं होतं. सण म्हटला की तोंड गोड व्हायला हवं. म्हणून कचेरीत एका बचत गटाकडून मागवलेला फराळ मोठ्या टेबलावर मांडला होता. प्रत्येक ताटासमोर चिठ्ठी होती: यात तूप आहे, यात साखर नाही, यात कांदा-लसूण नाही, यात शेंगदाणे आहेत. ज्याला जे चालेल ते त्याने घ्यावं. चिठ्ठ्या वाचून चकल्यांचं ताट सगळ्यांत आधी रिकामं झालं.

आणि १६० रुपये? त्यांचा हिशेब कुणीच मागितला नाही.

अशा भेटीने जे साधत नाही तेही लक्षात ठेवायला हवं. जेवणाच्या डब्याने कंत्राटी मावशींचा पगार वाढत नाही, त्यांची नोकरी पक्की होत नाही. दिवाळीची चादर ईदच्या रजेची भरपाई करत नाही. भेट हक्काच्या जागी बसवली की ती लाच होते, नाहीतर भीक. बाईंनी दिलेल्या रजेच्या कागदावर साहेबांनी अजून सगळं मान्य केलेलं नाही. प्रत्येकाला आपल्या सणाचे दोन दिवस आधी न सांगता घेता यावेत, एवढंच सध्या ठरलं आहे. नाताळच्या आदल्या रात्री मात्र त्या वर्षी वसईचा सहकारी वेळेवर घरी गेला.

वस्तू निवडण्याचं काम शेवटी दुकानात बसून होत नाही, ते यादीसमोर बसून होतं. यादी कुठून घेतली, तिच्यात कोण नाही, नाव कसं लिहिलं आहे, पत्ता आजचा आहे का, त्या घरात यंदा आनंद आहे की दुःख, हे कळलं की वस्तू फारशी अडत नाही. आणि हे कळण्यासाठी खर्च येत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो. ज्यांच्यावर यंदा असं काम येईल त्यांनी गणपतीतच यादी हाती घ्यावी, आणि ती हिशेब विभागाकडून मागवण्याआधी एकदा फाटकापासून सुरुवात करून सगळ्या मजल्यांवरून फिरून यावं. वाटेत जो जो भेटेल त्याचं नाव लिहावं.